गॅसची लाइन येईल, पण गॅस कुठला?

सोनईत नवे घर बांधताना ओट्याखाली सिलिंडरसाठी कप्पा सोडतात, आणि जमत असेल तर तो दोन सिलिंडर मावतील एवढा ठेवतात. एक शेगडीला जोडलेला, दुसरा भरून ठेवलेला. हवा त्या दिवशी गॅस मिळेलच याचा भरवसा कुणाला नसतो, म्हणून ही दुसरी जागा. उद्या ती रिकामी होऊ शकते. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर हे दोन जिल्हे मिळून घरगुती गॅसवाहिनीचे एकच परवानाक्षेत्र आहे. २०१८-१९ च्या सुमारास देशभर ज्या बोली लागल्या, त्यांत ते भारत पेट्रोलियमकडे गेले. मार्च २०२२ मध्ये संभाजीनगरला या कामाचे भूमिपूजन झाले आणि श्रीगोंद्याकडून मुख्य वाहिनी आणण्याचे ठरले. सोनई घोडेगावपासून थोडी आत, नेवासे तालुक्यात, मुळा उजव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यात. शहरात पाइपने गॅस आला की अशा गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमच्याकडे कधी येणार? त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, तो म्हणजे त्या पाइपातून येणारा गॅस कुठला असेल. सोनईपुरते याचे उत्तर गावाच्या शिवारातच सापडण्याजोगे आहे, आणि ते वेळेवर शोधले तर लाइन लवकर येण्याचीही शक्यता वाढते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी लाइन म्हणजे काय ते पाहू. मुख्य पोलादी वाहिनीत गॅस हवेच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पटींपर्यंत दाबलेला असतो. गावाच्या वेशीवर एका कुंपणातल्या केंद्रात तो दाब चार पटींच्या आसपास उतरवतात आणि तिथून पुढे पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचा प्लॅस्टिकचा पाइप गल्लीबोळांतून, साधारण मीटरभर खोल जातो. हा पाइप गंजत नाही, वळवता येतो आणि गुंडाळीने येत असल्यामुळे जोड कमी लागतात. त्याच्या वर, मातीत थोड्या अंतरावर, इशाऱ्याची पट्टी अंथरतात, म्हणजे पुढे कुणी खणले तर फावड्याला आधी ती लागावी. घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक छोटा रेग्युलेटर बसतो आणि तिथे गॅसचा दाब २१ मिलिबारवर येतो. हा दाब किती, तर भरलेल्या बादलीच्या तळाशी पाण्याचा जेवढा दाब असतो, त्याहूनही कमी. स्वयंपाकघरात येणारा गॅस इतका मवाळ असतो, हे कळले की पाइप ‘फुटेल’ ही भीती बरीचशी निवळते.

घरातले काम एका दिवसाचे असते, पण त्याच्या आधी आणि नंतर बरेच काही असते. नावनोंदणीला ओळखपत्र, घराचा पुरावा आणि घर भाड्याचे असेल तर मालकाचे संमतिपत्र लागते. परत मिळणारी अनामत भरावी लागते. ती बहुतेक कंपन्या हप्त्यांनीही घेतात. मग पाहणी होते. मीटर कुठे बसेल, भिंतीला भोक कुठून पाडायचे, पाइप उघडाच कसा राहील हे ठरते. पाइप उघडा ठेवण्यामागे कारण आहे. फरशीखाली किंवा गिलाव्यात गाडलेल्या पाइपाची गळती सापडत नाही, म्हणून तो भिंतीवरून क्लॅम्प मारूनच नेतात. दिसायला बरा नसला तरी. जोडणी झाली की फिटर पाइपात दाब भरून गेज लावून ठेवतो आणि काटा हलतो का ते पाहतो, प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावतो. बुडबुडा आला की सांधा पुन्हा. शेवटी शेगडी उलटी करून तिचे जेट बदलतो. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण ते टाळून चालत नाही. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात पाइपातल्या नैसर्गिक गॅसच्या अडीच-तीन पट उष्णता असते, म्हणून त्याच्या जेटचे छिद्र बारीक असते. तेच जेट ठेवले तर पाइपच्या गॅसवर ज्योत कोमेजलेली, आणि उलट पाइपचे जेट लावून सिलिंडर जोडला तर ज्योत पिवळी, उंच आणि भांडी काळी. जुना सिलिंडर अडीअडचणीला म्हणून त्याच शेगडीला लावू नये, तो यासाठीच.

पैशांचा हिशेब सोपा आहे, फक्त तो करायची रीत माहीत हवी. १४.२ किलोच्या एका सिलिंडरात जेवढी उष्णता असते तेवढी साधारण १८ घनमीटर नैसर्गिक गॅसमध्ये असते. म्हणजे बिलावरचा घनमीटरचा दर १८ ने गुणला की सिलिंडरच्या भावाशी थेट तुलना करता येते. चार-पाच माणसांच्या घरात रोज अर्धा घनमीटर, कधी त्याहून कमी जळतो. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, त्याचा फायदा या दरात दिसतो. उज्ज्वला योजनेचे अनुदान घेणाऱ्या घराला मात्र पाइपचा गॅस दरवेळी स्वस्त पडेलच असे नाही, आणि हे कंपनीचा माणूस सांगणार नाही; हिशेब आपला आपणच करावा. सोय मात्र निर्विवाद आहे. नंबर लावायचा नाही, वजनाचा संशय नाही, जेवढा जळला तेवढ्याचे बिल, आणि तेही वापरून झाल्यावर.

सुरक्षिततेचा प्रश्न नीट मांडला जात नाही. लोक विचारतात, कुठला गॅस सुरक्षित? उत्तर असे की दोघांचे धोके वेगळ्या जागी असतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. तो गळला की जमिनीवरून पसरतो, मोरीत, खळग्यात साचतो, आणि घरात त्याचा साठा चौदा किलोंचा असतो. पाइपमधला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जड, त्यामुळे वर जातो, आणि घरातल्या पाइपात एका वेळी काही ग्रॅमच असतो. पण वर जाणारा गॅस छताशी साचू शकतो, म्हणून स्वयंपाकघरात वरच्या अंगाला जाळी किंवा झरोका लागतो. सिलिंडरच्या सवयीने खाली ठेवलेली जाळी इथे पुरत नाही. जवळच्या शनिशिंगणापुरात घरांना दाराची फळीच नाही, तिथे वायुवीजनाचा मुद्दा निम्मा सुटलेला आहे. बाकीच्या तालुक्यात दारे लागतात आणि झरोके बुजवून वर माळे चढतात. वास आला तर पंख्याचे किंवा दिव्याचे बटण दाबू नये, खिडक्या उघडून मीटरजवळचा कॉक बंद करावा. हा वासही गॅसचा स्वतःचा नाही. मिथेनला वास नसतो, तो कळावा म्हणून गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. पाइपचा खरा धोका घराबाहेर आहे. नळयोजना, केबल, गटार, रस्ता, यांसाठी गावात वर्षभर जेसीबी फिरत असतो, आणि खाली काय आहे हे त्याच्या चालकाला कुणी सांगितलेले नसते. वाहिन्यांचे बरेचसे अपघात अशा खोदाईतूनच होतात.

आता मुख्य मुद्द्याकडे. पाइप आणि त्यातला गॅस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच दिसून आले आहे. १८६२ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे गॅस कंपनी कोळसा तापवून गॅस काढायची. १८६५ मध्ये त्यावर मुंबईतले रस्त्यांवरचे दिवे लागले आणि पुढे घरांतल्या शेगड्याही. लालबागला त्या कंपनीच्या नावाची गल्ली अजून आहे. १९७४ मध्ये बॉम्बे हायचा शोध लागला, समुद्रातला गॅस उरणला उतरू लागला, आणि १९९५ मध्ये महानगर गॅस व २००६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस अशा कंपन्या उभ्या राहिल्या. आता देशात वापरला जाणारा जवळपास निम्मा नैसर्गिक गॅस परदेशातून, उणे १६० अंशांवर द्रवरूप करून, जहाजांनी दहेज, हजिरा, दाभोळ अशा बंदरांत येतो. शहर तेच, गरज तीच. गॅस मात्र प्रत्येक पिढीत निराळ्या ठिकाणचा.

याचा अर्थ असा की सिलिंडर सोडून पाइप घेतल्याने आपोआप स्वावलंबन येत नाही. स्वयंपाकाचा सिलिंडर भरायला लागणारा सुमारे साठ टक्के गॅस आपण आयात करतो, तोही मुख्यतः आखाती देशांतून. पाइपच्या गॅसचे परावलंबन त्याहून थोडे कमी, एवढेच. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा द्रवरूप गॅसचे भाव असे चढले की पाइपचा गॅसही महाग झाला. एप्रिल २०२३ मध्ये किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर सरकारने देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसची किंमत कच्च्या तेलाशी जोडली आणि तिला कमाल मर्यादा घातली. घरगुती पाइप ग्राहकांना या स्वस्त गॅसमध्ये अग्रक्रम आहे. पण जुन्या विहिरी आटत जाणाऱ्या आहेत, आणि शहरांमागून शहरे, आता तालुके, त्याच साठ्यावर जोडली जात आहेत. अग्रक्रमाच्या रांगेत सोनई उशिरा उभी राहणार हे उघड आहे.

सोनईकडे मात्र रांगेबाहेरची एक वाट आहे, आणि ती कारखान्याच्या आवारातून जाते. मुळा सहकारी साखर कारखाना सोनईतच आहे. तालुक्यात भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना आहे. जिल्ह्यात तर प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी कारखान्यांची मोठी मालिका आहे. ऊस गाळला की रस शुद्ध करताना जो काळपट, ओलसर गाळ उरतो तो प्रेसमड. गाळपाच्या तीन-चार टक्के निघतो. हवा लागू न देता कुजवला की त्यातून जैववायू सुटतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा अंश काढून टाकला की नव्वद टक्क्यांहून अधिक मिथेनचा गॅस हाती येतो आणि तो आयएस १६०८७ या भारतीय मानकात बसतो. हा गॅस नैसर्गिक गॅसपासून शेगडीला वेगळा ओळखता येत नाही. जेट तेच, मीटर तोच, पाइप तोच. परसातल्या गोबरगॅसचे तसे नसते. त्यात मिथेन पंचावन्न-साठ टक्केच, म्हणून त्याची शेगडी वेगळी असते. ही कल्पना कागदावरची राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखान्यात, रोज १२ टन जैववायू बनवण्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सहकारी साखर कारखानदारीतला तो अशा प्रकारचा देशातला पहिला प्रकल्प म्हणून सांगितला गेला.

जिल्ह्याला हा विषय नवाही नाही. राळेगणसिद्धीत सार्वजनिक शौचालयांना जोडलेला सामूहिक गॅस प्रकल्प झाला, आणि अनेक गावांत गोठ्यालगत गोबरगॅसच्या टाक्या बांधल्या गेल्या. त्याहून मागे जायचे तर १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून गॅस काढून दिवे लावल्याची नोंद आहे. पण यांतले बहुतेक प्रयोग एका घरापुरते किंवा एका आवारापुरते राहिले. गावभर पाइप टाकून गॅस देण्याचे प्रयोग झाले तेव्हा अडचण निघाली ती कच्च्या मालाची. कर्नाटकातल्या पुरा गावात १९८० च्या दशकात भारतीय विज्ञान संस्थेच्या मंडळींनी सामूहिक शेणगॅसचा प्रकल्प केला. स्वयंपाकाला पुरेल एवढे शेण गावात नव्हते, म्हणून शेवटी त्यातून वीज करून पाणी उपसायचे ठरले. गुजरातेत सिद्धपूरजवळच्या मेथाण गावात सहकारी संस्थेने शेण गोळा करून शेकडो घरांना पाइपने गॅस दिला, तो सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी. एक फसला, एक चालला, आणि दोन्हींचा धडा एकच निघतो की कच्चा माल एका जागी, भरपूर आणि वर्षभर हवा. ऊसपट्ट्यातल्या गावाला पहिल्या दोन अटींची चिंता नाही.

तिसऱ्या अटीचे काय? गाळप चार-पाच महिने, आणि स्वयंपाक बारा महिने. हा आक्षेप खरा आहे, म्हणून आकडेच मांडून पाहू. समजा एक कारखाना रोज ५ हजार टन गाळतो. त्यातून साडेतीन टक्क्यांनी रोज १७५ टन प्रेसमड निघेल, आणि दीडशे दिवसांच्या हंगामात २६ हजार टनांच्या वर. शंभर टन प्रेसमडमधून साधारण चार टन शुद्ध केलेला जैववायू मिळतो असे धरतात, म्हणजे हंगामाचे झाले १ हजार टनांच्या आसपास. प्रेसमड साठवून ठेवला की तो पडल्या पडल्या कुजतो आणि गॅस हवेत जातो; तेव्हा त्यातला निम्मा वाया गेला असेच धरू. तरी वर्षाला ५०० टन उरतात, म्हणजे सरासरी रोज १ हजार ९०० घनमीटर. घराला रोज अर्धा घनमीटर लागतो. हा कंजूष हिशेब झाला, आणि तरी तो साडेतीन हजारांवर चुलींना पुरतो. त्यात नेपियर गवत, बाजारातला खराब भाजीपाला, दूध संकलनाच्या भागातले शेण अशी भर घातली, प्रेसमड प्लॅस्टिकखाली दाबून ठेवला, तर आकडा वाढेल. सोनईची पेठ, गावठाण, कारखान्याची वसाहत, मुळा एज्युकेशन सोसायटीची वसतिगृहे आणि खानावळी, शिंगणापूरची हॉटेले, एवढ्यांचा स्वयंपाक एका कारखान्याच्या गाळावर होऊ शकतो.

सभासद शेतकरी इथे हात वर करेल. प्रेसमड त्याला खत म्हणून मिळतो. तो गॅसला दिला तर रानात काय घालायचे? हा प्रश्न टाळून कुठलाही कारखाना सभेत हा ठराव मंजूर करून घेऊ शकणार नाही, आणि घेऊही नये. गॅसमध्ये जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश हे कुजवणीनंतरच्या अवशेषात राहतात, आणि हा अवशेष कच्च्या प्रेसमडपेक्षा रानात लवकर लागू पडतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अशा सेंद्रिय खताच्या विक्रीला टनामागे १ हजार ५०० रुपयांचे साहाय्यही जाहीर केले. कार्बनची घट मात्र खरी आहे. क्षारपड होत चाललेल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी असतो, आणि तिथे हा व्यवहार फुकटचा नाही. म्हणून उरलेले खत सभासदाला पूर्वीच्याच दराने आणि पूर्वीच्याच हक्काने मिळेल, असे आधी लिहून द्यायला हवे. बाहेर विकून चार पैसे जास्त मिळतात म्हणून ते खत पोत्यात भरून दुसरीकडे गेले, तर गावाला गॅस मिळाला आणि रान उघडे पडले असे होईल.

दुसरा आक्षेप व्यापाराचा आहे, आणि तो अधिक चिवट. कारखान्याने हा गॅस चुलीला का द्यावा? वाहनांच्या पंपाला विकला तर एकगठ्ठा घेणारा ग्राहक मिळतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्यांनी सुरुवातीला किलोमागे ४६ रुपयांची हमी दिली ती वाहनांसाठीच्या गॅसलाच. चुलीचा ग्राहक रोज अर्धा घनमीटर घेतो, तोही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ. यावर दोन गोष्टी सांगता येतात. एक, केंद्राने २०२३ मध्ये शहरी गॅस कंपन्यांवर जैववायू मिसळण्याची सक्ती ठरवली: २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढच्या वर्षी ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. हा हिशेब वाहनांच्या आणि घरगुती गॅसच्या एकत्रित विक्रीवर लागतो, म्हणजे कंपनीला जैववायू हवाच आहे, आणि कारखान्याजवळ तिचे जाळे असेल तर तो ट्रकने हलवण्याचा खर्च वाचतो. दोन, चूल आणि गाडी यांत एकच निवडायचे कारण नाही. गावच्या जाळ्याला जेवढा लागेल तेवढा पाइपात, उरलेला पंपावर. दुपारी चुली बंद असताना पंपावर गाड्या असतात. एकाच प्रकल्पाला दोन्ही ग्राहक असणे हे कारखान्याच्याच फायद्याचे आहे.

मग इंडक्शन का नको? विजेची शेगडी गॅसच्या शेगडीपेक्षा उष्णता कमी वाया घालवते, छपरावर सौरपत्रे बसू लागले आहेत, पाइप टाकायचा खर्चच नको. जिल्ह्यात शिर्डीच्या प्रसादालयाने २००९ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून हजारोंचा स्वयंपाक करून दाखवला आहे, तेव्हा गॅसलाच धरून बसायचे कारण काय? हा सगळ्यांत तगडा आक्षेप आहे, आणि नव्या घराने तो मनात ठेवावा. चहा, वरण-भात, दूध तापवणे यांना इंडक्शन उत्तम. पण नगर जिल्ह्याचे जेवण बाजरीच्या भाकरीचे आहे. भाकरी तव्यावर पापुद्रा धरते आणि फुगते ती उघड्या आचेवर. काचेच्या सपाट पृष्ठावर ती फुगत नाही. शिवाय सोनईत वीज जाते ती नेमकी स्वयंपाकाच्या वेळी गेली तर पर्याय हवा. म्हणून पुढची पंधरा-वीस वर्षे दोन्ही असतील, आणि त्यामुळेच गावाने गरजेपेक्षा मोठे जाळे टाकून घेऊ नये. गॅसचा खप घटत जाणार, हे गृहीत धरूनच पाइपचा व्यास ठरला पाहिजे.

लाइन कुठवर न्यायची, यात भावनेला जागा नाही. मुंबईच्या इमारतीत एका उभ्या पाइपवर शंभर घरे लागतात. सोनईच्या पेठेत त्याच लांबीत वीस-पंचवीस, आणि वस्त्यांवर दोन-चार. नगरच्या शेतकऱ्याचे घर बहुतेकदा रानातच असते; एका वस्तीपासून दुसरीपर्यंत अर्धा किलोमीटर उसाचे पीक असते. तिथे पाइप न्यायचा हट्ट धरला तर त्याचा खर्च पेठेतल्या ग्राहकाच्या बिलात येईल. वस्तीला गोठा असतो, शेण असते, जागा असते. तिथे घरचा गोबरगॅस अजूनही सगळ्यांत सरळ उत्तर आहे, फक्त टाकी बांधून दिल्यावर दोन वर्षांनी ती दुरुस्त करायला कुणी येत नाही ही त्याची जुनी व्यथा. कारखान्याने जैववायूचा प्रकल्प उभारला तर त्याच्याकडे या कामाची माणसे असतील. त्यांनी आठवड्यातून एक दिवस वस्त्यांवरच्या टाक्या पाहिल्या, तर ज्यांना लाइन मिळणार नाही त्यांच्यावरचा अन्याय बराच कमी होईल.

कायद्याची बाजू मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तिथे गावात गैरसमज आहेत. कारखाना स्वतःच्या मर्जीने गावात गॅसचा पाइप टाकू शकत नाही, ग्रामपंचायतही नाही. २००६ च्या कायद्यानुसार पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ एका क्षेत्राचा परवाना एकाच कंपनीला देते आणि जाळ्याचे हक्क दीर्घकाळ तिच्याकडे राहतात. मात्र बोली लागली तेव्हा गुणांत सर्वाधिक वजन घरगुती जोडण्यांच्या आकड्याला होते, आणि त्या जोडण्या आठ वर्षांत द्यायच्या असतात. हा आकडा पुरा करायला कंपनीला दाट वस्ती हवी असते. सोनईसारखे मोठे बाजाराचे गाव, शेजारी कारखाना, वसतिगृहे आणि देवस्थानचे गाव, हे मागणीचे गाठोडे एकत्र दाखवले तर तिला ते सोडवत नाही. मुख्य पोलादी वाहिनी येईपर्यंत थांबायचीही गरज नसते. अनेक ठिकाणी कंपन्या दाबलेल्या गॅसच्या नळकांड्यांचे संच ट्रकवर आणून गावच्या जाळ्यात सोडतात आणि चुली पेटवतात. वाहिनी नंतर येऊन जोडली जाते. इथे तो ट्रक कारखान्यातूनच निघू शकतो. जैववायू प्रकल्पापासून शहरी जाळ्यापर्यंत पाइप टाकण्यासाठी केंद्राची अर्थसाहाय्याची योजनाही आली आहे.

ग्रामपंचायतीच्या हातात एक कागद असतो, खोदाईच्या परवानगीचा. त्यावर बहुतेकदा रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च आणि मुदत एवढेच लिहितात. सोनईने त्यात थोडे जास्त लिहावे. नळयोजनेचे किंवा गटाराचे काम त्याच गल्लीत व्हायचे असेल तर दोन्ही कामे एकाच हंगामात, पाइपांमध्ये नियमाप्रमाणे अंतर ठेवून करावीत. पाइप कुठून किती खोल गेला याचा नकाशा पंचायतीत आणि तलाठ्याकडे असावा, आणि जेसीबीवाल्याला तो पाहिल्याशिवाय काम मिळू नये. दर शंभर-दोनशे पावलांवर खुणेचा दगड आणि तक्रारीचा क्रमांक मराठीत असावा. आणि कारखान्याच्या दिशेने, कंपाउंडच्या भिंतीजवळ, पुढे जोडता येईल असे बंद केलेले एक तोंड जाळ्याला ठेवावे. परवानगीच्या पत्रात ही ओळ आज घालायला पंचायतीला पैसा लागत नाही. नंतर काँक्रीटचा रस्ता फोडून ती जोडणी करायची ठरली तर लागतो, आणि तो कुणी भरायचा यावर मग कंपनी, कारखाना आणि पंचायत यांचा पत्रव्यवहार सुरू होतो.